सिगारेट सोडायची तर 'पुढचं' जवळ आणा

रात्री 'उद्यापासून बंद' हे मनापासून ठरतं आणि सकाळी इंदूरची पोहे-जिलबी झाली की पाय गुमटीकडे, म्हणजे पानटपरीकडे, वळतात. यात लबाडी नसते. दोन्ही गोष्टी लांब असतात तोवर तब्येत मोठी वाटते. सिगारेट हाताशी आली की तीच मोठी होते. पुढच्या लाभाची किंमत ओढणाऱ्यांच्या मनात जास्त झपाट्याने घसरते, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. म्हणूनच 'वीस वर्षांनी कॅन्सर होईल' ही भीती गुमटीपर्यंत टिकत नाही.

पाकीट घरात, गाडीच्या डिकीत, कुठेच ठेवू नका. तलफ आली की घड्याळात दहा मिनिटं लावा आणि जागा सोडा. तलफेचा जोर बहुधा पाच मिनिटांत ओसरतो.

मग एक जवळचा दिवस निवडा. 'तब्येत सुधारेल' एवढं पुरत नाही, चित्र नेमकं हवं. अनंत चतुर्दशीची रात्र, झांक्यांची, म्हणजे चित्ररथांची, गर्दी, मुलगी खांद्यावर, आणि राजवाड्यापर्यंत धाप लागलेली नाही. सोबत कोण, कानावर काय पडतंय, हे चार ओळींत लिहून मोबाईलमध्ये ठेवा आणि ती दहा मिनिटं तेच वाचा.

पैशाचंही तसंच. वीस रुपयांची एक, दिवसाला आठ, म्हणजे रोज 160. वर्षाचे 58,400 मोठे असले तरी लांबचे. त्यापेक्षा रोज 160 डब्यात टाका आणि रविवारी त्यातले थोडे सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात घरच्यांसोबत खर्च करा. बक्षीस आठवड्याच्या आत हातात पडलंच पाहिजे.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर तलफ कमी करणारा निकोटिन गम 4 मिलिग्रॅमचा, नाहीतर 2 चा. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हळू चावा, चुणचुण आली की गालाशी दाबून ठेवा, ती गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. च्युइंगमसारखा सलग चावला तर निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते आणि माणूस म्हणतो, 'याचा उपयोग नाही.' चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही.

पहिल्या आठवड्यात चिडचिड आणि उतावीळपणा सगळ्यात जास्त असतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मध्येच एक ओढली गेली, तर 'आता मोडलंच' म्हणून दुसरी पेटवू नका. उरलेल्या तिथेच पाण्यात बुडवा आणि 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनला, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेला, त्याच दिवशी फोन करा.