डीआर डिझाइन शिकताय? आधी तिसरी जागा शोधा

डीआरच्या (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे मुख्य साइट बंद पडली तर दुसऱ्या जागेवरून काम चालवायची सोय) कामात नव्याने आलेल्यांसाठी लिहितेय. आरपीओ (किती डेटा गमावणं चालेल), आरटीओ (किती वेळात परत सुरू व्हायचं), रेप्लिकेशन (डेटाची प्रत दुसऱ्या जागी चालू ठेवणं) हे तुम्हाला माहितीच असणार, त्यात वेळ घालवत नाही. ज्या एका गोष्टीपाशी मी कितीतरी दिवस अडकून होते तीच आधी सांगते, कारण कुठल्या कोर्समध्ये ती कोणी नीट बसवून समजावत नाही.

समजा प्रायमरी, म्हणजे मुख्य साइट, मुंबईत, डीआर चेन्नईत. पाच नोडचं क्लस्टर, म्हणजे मिळून एकच डेटाबेस चालवणारे पाच सर्व्हर, तीन इकडे, दोन तिकडे. आता मुंबई पूर्ण गेली. चेन्नईत दोन उरले, बहुमताला तीन लागतात, म्हणजे लीडर (राइट्स, म्हणजे डेटातले बदल, स्वीकारणारा नोड) निवडलाच जाणार नाही आणि धडधाकट डीआर नुसतं बसून राहणार. बरं, तीन चेन्नईला ठेवले तर चेन्नई गेल्यावर चांगली चालणारी मुंबई थांबते. दोन-दोन केले तर मधली लिंक तुटली तरी दोन्हीकडे काम बंद. सात करा, नऊ करा, जागा दोनच असतील तर बहुमत कुठल्यातरी एकाच जागी बसणार आणि ती जागा गेली की खेळ संपला. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच की बहुमताची अटच काढू, चेन्नईला मुंबई दिसेनाशी झाली की चेन्नईनेच प्रायमरी व्हायचं. हे अजिबात करू नका!! चेन्नईत बसून 'मुंबई बंद पडली' आणि 'मधली लिंक तुटली' हे अगदी सारखंच दिसतं. लिंकच तुटली असेल तर दोन्हीकडे राइट्स चालू, दोन्हीकडे वेगळा डेटा, आणि तो नंतर हाताने जुळवत बसायचा.

म्हणून तिसरी जागा. वेगळ्या शहरात, दोन्ही साइट्सना वेगवेगळ्या मार्गांनी जोडलेली. तिथे सगळा डेटा नको, एक छोटा विटनेस नोड (फक्त मत देणारा) पुरतो, दोन अधिक दोन अधिक एक. हे जमत नसेल तर फेलओव्हर (काम डीआरवर हलवणं) माणसाच्या हातात ठेवा आणि बटण कोण दाबणार ते आधीच लिहून ठेवा.

हे पहिल्या वाचनात डोक्यात बसलं नाही तर घाबरू नका, कागदावर नोड काढून एकेक खोडत बघा, बसतं.

पण बहुमत नीट असलं म्हणजे डेटा वाचला असंही नाही. २१ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. उरलेल्या नोड्सनी बहुमत जमवून राइट्स पश्चिम किनाऱ्यावर नेले, अगदी नियमाप्रमाणे. पण पूर्वेचे शेवटचे काही सेकंदांचे राइट्स पश्चिमेला पोचलेच नव्हते, एका बिझी क्लस्टरवर असे ९५४ निघाले, आणि तोवर पश्चिमेला नवे राइट्स सुरू झालेले. सगळं सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

'मग सिंक रेप्लिकेशन लावू, दुसरीकडे प्रत पोचल्याशिवाय राइट पूर्ण धरायचाच नाही' म्हणाल. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजारेक किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन १० मिलिसेकंद तर फुकटात गेले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. दर कमिटला (राइट पक्का करताना) हा भार. म्हणूनच सेबीने एक्स्चेंजेसना लांबच्या डीआरसोबत जवळची नियर साइटही ठेवायला लावलीय, डेटा लॉस शून्य राहावा म्हणून. कुबरनेटीसचं (अनेक सर्व्हरवर ॲप्स चालवणारी प्रणाली) एकच क्लस्टर दोन शहरांत ताणू नका, दोन वेगळी ठेवा. आणि रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट केलेलं टेबल तिकडेही तितक्याच इमानदारीने डिलीट होतं.

सर्टिफिकेशनच्या डम्प्सवर (पाठ करायच्या जुन्या प्रश्नसंचांवर) माझा काडीचा विश्वास नाही. मेंटॉर निवडायचा तर सुंदर डायग्राम काढणारा आर्किटेक्ट नको, रात्री दोनला प्रत्यक्ष स्विचओव्हर केलेला ऑपरेशन्सवाला शोधा, भले तो तुटक बोलत असेल. चांगली माणसं भेटतात, मलाही भेटली.

ड्रिल (डीआरवर जायची रंगीत तालीम) खऱ्या लोडवरच करा. २ मार्च २०२४ च्या शनिवारी एनएसई आणि बीएसईने खास सेशन घेऊन डीआर साइटवरून खरंखुरं ट्रेडिंग चालवलं, तसं. आणि डीआरवर गेल्यावर लगेच टाळ्या वाजवून ड्रिल संपवू नका, निदान काही तास तिथे खरं काम चालू द्या, नवा डेटा जमू द्या, आणि मग तो घेऊन प्रायमरीवर परत या. रनबुकमध्ये (कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या वहीत) परतीचं पान बहुतेक वेळा कोरंच असतं, ते आधी भरा.