खान्देशातून मुंबईला नवीन आलेल्यांनो, लोकलमध्ये चढायच्या आधी हे वाचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून नोकरीसाठी इकडे येणाऱ्या पोरापोरींचे मला सारखे फोन येतात. रूम कुठे बघू, डिपॉझिट किती लागेल, जवळ मेस आहे का, सगळं विचारतात आणि लोकलचं कोणीच काही विचारत नाही. कारण आपल्याला वाटतं आपण भुसावळ जंक्शनकडची माणसं, पाचोरा-जळगाव अपडाऊन करून कॉलेज केलेलं, आपल्याला गाडीत बसायचं काय शिकवायचं. मला नेमकं ह्यावरच बोलायचंय भो, कारण तीच अपडाऊनची सवय इकडे जिवावर बेतते.

आपल्याकडे छोट्या स्टेशनला गाडी थांबली की माणसं उलट्या बाजूने खाली उतरतात आणि रूळ ओलांडून सरळ गावच्या वाटेला लागतात. तेही चुकीचंच आहे, पण तिथे एक गाडी गेली की दुसरी यायला वेळ असतो म्हणून निभावून जातं. ठाणे ते कल्याण सहा लाइनी आहेत आणि गर्दीच्या वेळेला दर तीन-चार मिनिटांनी कुठली ना कुठली गाडी असते. त्यात लोकलचा आवाज आपल्या मालगाडीसारखा लांबून येत नाही, आणि एक गाडी धडधडत चालली असली की तिच्या मागून येणारी दुसरी ना दिसते ना ऐकू येते. रूळ ओलांडणारे बरेच लोक असेच जातात, पहिली गाडी जाऊ देतात आणि दुसरीखाली येतात. पूल कितीही लांब असला तरी पुलावरूनच जा. रेल्वे कायद्यात रूळ ओलांडण्याला हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, पण दंडाच्या भीतीने नका ऐकू, आईबापाकडे बघून ऐका.

आणि गाडी मध्येच थांबली तर खाली उतरू नका. हे आपल्या भागातल्या माणसाला जास्त सांगावं लागू नये. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाड्याला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागली अशी अफवा उठली, चेन ओढली गेली, माणसं घाबरून शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. इकडे पावसाळ्यात कुर्ला, सायनला पाणी भरलं की लोकल तास तास उभी राहते, मग कोणीतरी एक जण उडी मारतो आणि त्याच्या मागे अख्खा डबा उतरून रुळावरून चालायला लागतो. तुम्ही त्या रांगेत जाऊ नका. डब्यात बसा, अनाऊन्समेंटकडे कान ठेवा, रेल्वेचे किंवा पोलिसांचे लोक येऊन उतरवतील तेव्हाच उतरा.

आता दार. आपल्या पोरांना दाराचं खूप वेड, हवा लागते, बरं वाटतं. ९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या आणि फूटबोर्डवर लटकलेली माणसं खाली पडली, त्यात जीव गेले. ती माणसं हौसेने नव्हती लटकलेली, आत शिरायलाच जागा नव्हती, ऑफिस गाठायचं होतं. म्हणून मी पोरांना सांगतो की आत पाय टाकायला जागा नसेल तर ती गाडी सोडा, सरळ सोडा, पुढची घ्या, तीही भरलेली असेल तर तीही सोडा. लेटमार्क लागू दे, हाफ डे जाऊ दे, साहेबाची बोलणी खा. नवीन नोकरीत भीती असते हे मला कळतं, पण मग घरून अर्धा तास आधी निघा, त्याला दुसरा उपाय नाही. रूम घेतानाच हा हिशोब करा. डोंबिवली, बदलापूर, ठाणे इथून सुटणाऱ्या पण लोकल असतात, अशा स्टेशनजवळ राहिलात तर सुरुवातीलाच बसायला किंवा निदान नीट उभं राहायला मिळतं, त्यासाठी भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल. एसी लोकलचं भाडं बरंच जास्त आहे, पण तिची दारं बंद होतात, महिन्यातून कधी तब्येत बरी नसली तर तिने जा, त्यात पैसे वाया गेले असं समजू नका.

दारात उभं राहून मोबाईल तर काढूच नका. रुळाच्या बाजूला, खांबाला चिकटून पोरं उभी असतात, गाडी स्लो झाली की काठीने हातावर फटका मारतात आणि मोबाईल खाली पडला की घेऊन पळतात. इकडे त्यांना फटका गँगच म्हणतात. मोबाईल गेला तर जाऊ द्या!! तो पकडायला वाकले, मागे उडी मारली आणि जन्माचे अपंग झाले अशी माणसं आहेत, काही तर वाचलेपण नाहीत. पुढच्या स्टेशनला उतरून रेल्वे पोलिसांकडे तक्रार करा, मोबाईलचे हप्ते फिटत राहतील.

चढताना उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, बाजूला उभे राहा, मध्ये उभे राहिलात तर लोंढा तुम्हाला ढकलत घेऊन जाईल. सॅक पाठीवर नको, पोटाशी घ्या, पाठीवरची सॅक कोणाच्या तरी बॅगेत अडकते आणि माणूस अर्धा आत अर्धा बाहेर राहतो. ताईंनो, ओढणी बांधून घ्या. गाडी सुटली की पळत पकडायची नाही, प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या मधली फट दिसायला एवढीशी दिसते पण काही स्टेशनला माणूस आत जाईल एवढी असते. उतरायचं असेल तर एक स्टेशन आधीपासून दाराकडे सरका, फास्ट गाडीत त्याच्याही आधी, आणि पुढच्याला विचारत राहा, ठाण्याला उतरणार का, प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो. लोक सांगतात. नाहीच उतरता आलं तर पुढे जा आणि उलट या. चालत्या गाडीतून उतरणारे रोजचे लोक बघून त्यांची नक्कल करू नका.

गावाहून परत येताना आईने भरताची वांगी, कळण्याचं पीठ, केळीचा घड असं सगळं बांधून दिलेलं असतं. रात्रीची गाडी सकाळी कल्याणला सोडते आणि आपण ते सगळं घेऊन आठच्या लोकलमध्ये घुसायला बघतो. असं करू नका. कल्याणलाच चहा-नाश्ता करा, अकरापर्यंत थांबा किंवा रिक्षा बघा. वजन खूप असेल तर मालडबा वेगळा असतो, त्याचं लगेज तिकीट काढा.

मुलींसाठी लेडीज डबे असतात, पण उशिरा रात्री डबा रिकामा झाला तर एकटीने बसू नका. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो, तो ज्या डब्यात आहे तिकडे बसा, नाहीतर जनरलमध्ये कुटुंबं बसलेली असतील तिथे जा. १३९ हा रेल्वेचा नंबर आणि १५१२ हा रेल्वे पोलिसांचा, दोन्ही आजच सेव्ह करा. भाऊ लोकांनो, घाईत लेडीज डब्यात चढू नका, तो गुन्हा आहे, आणि आपलं नाव पण खराब होतं.

पासचं पण ऐका. विदाऊट तिकीट जाण्यात हुशारी नाही. गाडीतून पडून कोणाचा जीव गेला तर रेल्वेकडून आठ लाखांपर्यंत भरपाई मिळते, पण ती तिकीट किंवा पास असलेल्या प्रवाशाला, आणि नंतर पास सापडला नाही की घरच्यांना रेल्वेच्या भरपाईचे दावे चालतात त्या ट्रिब्युनलमध्ये सगळं सिद्ध करत बसावं लागतं. पास खिशात ठेवा, मोबाईलमध्ये असेल तरी एका कागदावर नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहून पाकिटात ठेवा, मोबाईल लॉक असला की पोलिसांना घरचा नंबर सापडत नाही.

उपाशीपोटी चढू नका, गर्दीत चक्कर येते. चक्कर आल्यासारखं वाटलं तर बाजूच्याला लगेच सांगा, हातवारे करून का होईना सांगा, लोक जागा करून देतात, आणि पुढच्या स्टेशनला उतरून स्टेशन मास्तरकडे जा. दोन स्टेशनच्या मध्ये चेन ओढू नका, तिथे मदत पोचायला जास्त वेळ लागतो.

एक घरच्यांसाठी. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ पोराला फोन करू नका. "पोचना का?" म्हणून आई फोन करते, तो एका हाताने फोन काढतो आणि दुसऱ्या हाताने दांडा धरून दारात उभा असतो. तो पोचला की स्वतः मेसेज करेल असं पहिल्याच दिवशी ठरवून टाका.