पायी पाहावे असे चौल-रेवदंडा

पुण्याहून अलिबागला जाणारे बहुतेक जण किनाऱ्यावर घटकाभर बसतात, मासे खातात आणि परततात. तिथून दक्षिणेला १७-१८ किलोमीटरवर असलेले चौल-रेवदंडा त्यांच्या वाटेत आलेच, तरी गाडीच्या काचेबाहेरून निघून जाते. दोन हजार वर्षांचे हे बंदर नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये इतके दडलेले आहे की मुख्य रस्त्यावरून झाडी, गडगे आणि एखादी पडकी भिंत यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. म्हणून मुक्काम रेवदंड्यात करावा, गाडी असेल तर ती तिथेच उभी ठेवावी आणि फिरण्याचा क्रम भरती-ओहोटी पाहून लावावा.

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि तिच्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. शुक्ल आणि वद्य अशा दोन्ही पक्षांना हेच गणित लागू पडते. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक मात्र धरून चालावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत दूर हटते खरे, पण ती ओहोटी भल्या पहाटे आणि पुन्हा तिन्हीसांजेला येते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असताना, ती भर दुपारी येते आणि पाणीही फारसे मागे जात नाही. त्यामुळे पुणेकराने दिनदर्शिकेत तृतीया ते पंचमी यांपैकी एखादी तिथी रविवारी येते का ते पाहावे आणि शनिवारी सकाळी निघावे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच उत्तम.

स्वारगेटहून एसटीने अलिबाग आणि तिथून रेवदंडा किंवा मुरूडकडे जाणारी गाडी, असा सरळ प्रवास आहे. स्वतःचे वाहन असल्यास खोपोली-पेण मार्गे जाऊन ताम्हिणी मार्गे परतता येते.

शनिवारी दुपारी भरती असते, तेव्हा किनाऱ्यावर जाण्यात अर्थ नसतो. तो वेळ चौलला द्यावा. जुने चौल दोन भागांत वसलेले होते. खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांचे, म्हणजे आजचे रेवदंडा, आणि त्याच्या वर निझामशाहीच्या ताब्यातले मूळ शहर. या वरच्या भागात रामेश्वराचे देऊळ आणि त्यासमोरची पुष्करणी पाहावी. देवळाच्या मंडपात अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडे असून, अवर्षणाच्या वर्षी पर्जन्यकुंड उघडण्याची येथील प्रथा प्रसिद्ध आहे. देवळापासून पुढे मुख्य रस्ता सोडून वाड्यांमधल्या वाटांनी चालावे. जांभ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या या वाटांवर दुपारीही ऊन पोहोचत नाही. पोफळींवर चढलेले मिरीचे वेल, विहिरी आणि झाडांच्या बुंध्यांशी पाणी नेणारे पाट पाहत गेले की या गावाचे पोट बंदर बुजल्यानंतर कशावर चालले ते आपोआप ध्यानात येते. मात्र वाडी ही कुणाची तरी मालमत्ता असते. "वाडीतून पलीकडे गेलो तर चालेल का?" एवढे विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, विचारल्यावर बहुधा वाट तर मिळतेच, शिवाय माहितीही मिळते. पायांत बळ असल्यास संध्याकाळी भोवाळ्याच्या टेकडीवरील दत्तमंदिराच्या पायऱ्या चढाव्यात. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या यात्रेला येथे मोठी गर्दी असते. निवांत फिरायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

रविवारी ओहोटीच्या तासभर आधी रेवदंड्याच्या समुद्राकडील तटाशी पोहोचावे. पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये येथे वखारीची परवानगी मिळवली आणि १५२१ पासून किल्ला बांधायला घेतला. त्याआधी १५०८ मध्ये याच खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या एकत्रित आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला होता. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निझामशहाने घातलेला वेढा या किल्ल्याने पचवला, आणि वसई पडल्यानंतर १७४० मध्ये तो तहाने मराठ्यांकडे आला. ही सनावळी पाठ करण्याची गरज नाही, पण तटाला वळसा घालताना ती डोक्यात असली की नुसते दगड पाहिल्यासारखे वाटत नाही. पाणी हटल्यावर वाळूतून तटाच्या कडेने चालता येते. भिंतीच्या खालच्या दगडांवर कालवांची धारदार कवचे जिथवर चिकटलेली दिसतात, तिथवर रोजची भरती चढते, असे समजावे. तिथे हात टेकवू नये आणि अनवाणी चालू नये. पाणी वळू लागले की लगेच वर यावे.

मग तटाच्या आत शिरावे. गावातला रस्ता तटबंदी छेदूनच जातो. आत वाड्यांच्या मधोमध चर्चचे अवशेष उभे आहेत. त्यांत सर्वांत उंच असलेला सातखणी मनोरा हा फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा घंटामनोरा होता. त्याचे वरचे मजले आता उरलेले नाहीत. पडक्या भिंतींवर चढण्याचा मोह टाळावा, कारण चुना सुटलेला दगड केव्हा निसटेल याचा नेम नसतो. गावातल्या शाळेच्या आवारात अफनासी निकितीन या रशियन प्रवाशाचे स्मारक आहे. तो १४६९ च्या सुमारास चौलला उतरला आणि पालीवरून घाट चढून आपल्या जुन्नरला गेला. पावसाळाही त्याने तिथेच काढला. पुणे जिल्ह्यातील वाचकाला हे नाते ठाऊक असायला हवे, पण त्याचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. शाळा भरलेली असल्यास परवानगी घेऊनच आत जावे. बेने इस्रायली या कोकणातल्या ज्यू समाजाचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिरही याच गावात आहे.

निसर्ग पाहण्यासाठी वेगळा दिवस काढावा लागत नाही. ओहोटीच्या ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसली की तिथेच पाच मिनिटे न हलता थांबावे. बोटाच्या पेराहूनही लहान खेकडा बिळातून बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात घालतो, तिच्यातले सूक्ष्म अन्न चाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. सावली पडली की सारे खेकडे एकदम नाहीसे होतात, म्हणून सूर्याकडे तोंड करून बसावे. कुंडलिकेच्या खाडीकडे वळल्यावर तिवर आणि चिप्पीचे कांदळवन लागते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात. ती तुडवत आत शिरू नये. हिवाळ्यात उघड्या पडलेल्या चिखलावर तुतवार आणि चिखल्या चरताना दिसतात, तर वर ब्राह्मणी घार घिरट्या घालत असते. दुर्बीण असल्यास जरूर न्यावी.

उरलेल्या वेळात खाडीवरचा पूल ओलांडून साळावमार्गे कोर्लईला जावे. हे अंतर उन्हात चालण्याऐवजी रिक्षाने कापणे बरे. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकलेला कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर असून, दीपगृहाच्या मागून त्यावर पायऱ्या जातात. माथ्यावरून खाडीचे मुख, रेवदंड्याचा तट आणि चौलच्या वाड्या एका नजरेत येतात. आदल्या दिवशी पायी फिरलेले भाग येथून जुळवून पाहावेत. पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही घरात बोलतात. वर पाणी मिळेल या भरवशावर राहू नये, प्रत्येकी दोन लिटर तरी बरोबर घ्यावे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा चढूच नये. ताम्हिणीने परतणार असल्यास घाट उजेडी ओलांडता येईल अशा बेताने दुपारी तीनपूर्वी कोर्लई सोडावे. एसटीने जाणाऱ्यांनी अलिबागहून पुण्याकडे सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ शनिवारी तिथे उतरल्यावरच चौकशी खिडकीवर विचारून ठेवावी.