नागपूरहून पाताळकोट : दुधी नदीच्या खोऱ्यात कसे जावे, कसे राहावे

नागपूरकरांना दोन दिवसांची सवड मिळाली की चिखलदरा किंवा पचमढी ही नावे सहज पुढे येतात. परंतु ज्यांना गर्दीपासून दूर, डोंगरातील गावांच्या सोबतीने राहायचे आहे, त्यांनी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील पाताळकोटचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सातपुड्यात घोड्याच्या नालाच्या आकाराचे, सुमारे ७९ चौरस किलोमीटर विस्ताराचे हे खोरे भोवतालच्या पठारापासून बाराशे ते पंधराशे फूट खोल असून त्याच्या तळातून दुधी नदी वाहते. खोऱ्यात १२ गावे आणि त्यांचे विखुरलेले ढाने, म्हणजे वस्त्या, आहेत आणि तेथे मुख्यतः भारिया व गोंड लोक राहतात. बहुतेक प्रवासी रातेडच्या कड्यावरून खाली पाहतात, छायाचित्रे काढतात आणि तासाभरात परततात. खोरे खऱ्या अर्थाने पाहायचे असेल तर खाली उतरावे लागते आणि त्यासाठी किमान एक रात्र मुक्काम हवा. सारे नियोजन या एका गोष्टीभोवती करावे.

सावनेर, सौंसर, रामाकोना आणि उमरानाला या मार्गाने छिंदवाडा सुमारे १२५ किलोमीटर आहे. तेथून परासियामार्गे तामिया साधारण ५५ किलोमीटर आणि तामियाहून खोऱ्याचा कडा आणखी वीस-बावीस किलोमीटर. इतवारीहून छिंदवाड्यापर्यंत आता ब्रॉडगेज रेल्वेनेही जाता येते, परंतु पुढे वाहन लागतेच. वाटेत सिल्लेवानीचा घाट वळणांचा असल्याने पहाटे निघून तो दिवसाउजेडी पार करावा. रामाकोन्याला कन्हान नदी ओलांडताना क्षणभर थांबण्यासारखे आहे, कारण कन्हान आणि पेंच या ज्या दोन नद्यांचे पाणी नागपूर पिते, त्या दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यातून येतात आणि पुढे वैनगंगेतून गोदावरीला मिळतात. पाताळकोटची दुधी मात्र उत्तरेकडे नर्मदेला जाते. म्हणजे या एकाच प्रवासात आपण बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या पाण्याचा प्रदेश मागे टाकून अरबी समुद्राकडे जाणाऱ्या पाण्याच्या प्रदेशात शिरतो. नकाशा सोबत ठेवून हा प्रवास मुलांना घडवला, तर भूगोल त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. थंडी मात्र नागपूरपेक्षा बरीच अधिक असते, म्हणून जाड गरम कपडे न्यावेत. पावसाळ्यात ढग खोऱ्यात भरून राहतात आणि कड्यावरून ते दृश्य अप्रतिम दिसते, पण पायवाटा निसरड्या होतात आणि ओढे अचानक फुगतात. त्या दिवसांत वरूनच समाधान मानावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी सारे घर पहाटेच झाडाखाली असते, त्यामुळे त्या हंगामात यजमानांच्या वेळेला आपण जुळवून घ्यावे.

मुक्कामासाठी तामियात विश्रामगृहे आणि हॉटेले आहेत. तथापि खोऱ्यातील चिमटीपूर आणि तामिया परिसरातील सावरवानी येथील होमस्टे मला अधिक योग्य वाटतात, कारण आपण दिलेले पैसे थेट गावातील घरात जातात. आगाऊ कळवूनच जावे, म्हणजे मक्याची भाकरी, कुटकीचा, म्हणजे एका भरडधान्याचा, भात अशा घरच्या जेवणाची तयारी त्यांना करता येते. मोबाइलला सर्वत्र नेटवर्क मिळेल असे गृहीत धरू नये. इंधन छिंदवाड्यात किंवा परासियात भरून घ्यावे आणि सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

काही गावांपर्यंत आता रस्ते झाले असले तरी नदीपर्यंतची वाट पायीच उतरावी आणि गावातील माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे. त्याचा मोबदला निघण्यापूर्वीच ठरवावा. सकाळी लवकर निघावे, माणशी किमान दोन लिटर पाणी घ्यावे आणि उतरण्यास जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढण्यासाठी राखून ठेवावा. उंच कड्यांमुळे खोऱ्याच्या तळाशी ऊन उशिरा पोहोचते आणि लवकर ओसरते, म्हणून दुपारी तीननंतर परतीचा चढ सुरू करणे मला धोक्याचे वाटते.

गावात वागण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारिया समाजाची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये आहे आणि वनहक्क कायद्याखाली या खोऱ्यावर त्यांचा अधिवासाचा हक्क मान्य झालेला आहे. तेव्हा आपण त्यांच्या घरी पाहुणे आहोत. हिंदीत ‘दादा’, ‘दीदी’ म्हणून बोलावे, छायाचित्रापूर्वी परवानगी घ्यावी आणि मुलांना पैसे किंवा चॉकलेटे वाटू नयेत. द्यायचेच असेल तर वह्या-पेन्सिली शाळेतील शिक्षकांकडे द्याव्यात. ‘ही माणसे अजून जगापासून तुटलेली आहेत’ अशा कौतुकाने त्यांच्याकडे पाहू नये. त्यांची मुले शाळा-कॉलेजात जातात आणि माणसे कामासाठी शहरांत येतात.

पाताळकोट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे आणि मध्य प्रदेश शासनाने २०१९ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. भुमका, म्हणजे गावचा वैदू, झाडपाल्याविषयी सांगेल ते आदराने ऐकावे, पण मुळ्या आणि कंद विकत मागू नयेत. बाहेरची मागणी वाढली की कंद मुळासकट उपटले जातात आणि पुढच्या वर्षी तेथे काहीच उगवत नाही. खरेदी करायची असल्यास चारोळी, मध, कुटकी किंवा वाळलेला आवळा घ्यावा आणि भावात घासाघीस करू नये.

तिसरा दिवस हाती असेल, तर परतताना छिंदवाड्याच्या दक्षिणेकडील मोहखेड भागातील देवगड किल्ला पाहावा. १७०२ मध्ये नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाची ही राजधानी. किल्ल्यासाठी अर्धा दिवस राखावा आणि सिल्लेवानीचा घाट अंधारापूर्वी उतरता येईल अशा बेताने तेथून निघावे.