‘सिक्युरिटी’त नोकरी शोधताय? आधी कुठली ते बघा

गावाकडं माझ्याबद्दल एवढंच माहीत आहे की पोरगा पुण्यात सिक्युरिटीत लागलाय. त्यात रात्रपाळी असते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: युनिफॉर्म कंपनी देते का?

मी खराडीत एका परदेशी बँकेच्या बॅक ऑफिसात सिक्युरिटीज ऑपरेशन्स बघतो. सिक्युरिटीज म्हणजे रोखे: शेअर, कर्जरोखे, फंडांची युनिटं. सेबीच्या नावातला ‘एस’ याच रोख्यांचा. पण नुकतीच बीकॉम, बीसीए झालेली मुलं जॉब पोर्टलवर ‘सिक्युरिटी’ टाकतात आणि हिंजवडीतलं फायरवॉलचं, म्हणजे सायबर सुरक्षेचं काम, आमच्यासारखं रोख्यांचं काम आणि हडपसरच्या सोसायटीला हवा असलेला गार्ड, सगळं एकाच यादीत येतं.

त्यात सगळ्यात फसवं पद ‘सिक्युरिटी ॲनालिस्ट’. एकीकडे ताळेबंद वाचून शेअर घ्यावा की नाही ते सांगायचं, दुसरीकडे ‘सॉक’मध्ये, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या कक्षात बसून सर्व्हरचे लॉग चाळायचे. शब्दाच्या शेवटी ‘ज’ असला तर बहुधा रोखे, पण जाहिरात टाकणारे एचआरवाले तो ‘ज’ सर्रास खातात. म्हणून पदाच्या नावावर जाऊ नका, खालचा मजकूर वाचा. सेटलमेंट, कस्टडी, रेकॉन, कॉर्पोरेट ॲक्शन असे शब्द दिसले की रोखे. सीम, एंडपॉइंट, इन्सिडंट दिसले की सायबर. आमच्याकडे मुलाखतीला फायरवॉल पाठ करून आलेली मुलं मी पाहिली आहेत. हुशार असतात, पण विचारायचं काय त्यांना?

आमचं काम कसं असतं ते सांगतो. आपल्या सिस्टिममध्ये १०,००० शेअरची खरेदी दिसते, समोरचा ब्रोकर १,००० म्हणतो. आयसिन तोच, म्हणजे त्या रोख्याचा बारा अक्षरांचा नंबर, तारीखही तीच. याला ‘ब्रेक’ म्हणतात. मेल टाका, फोन करा, कोणाचं शून्य चुकलं ते शोधा. कट-ऑफच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आत सुटलं नाही तर सौदा ‘फेल’. भारतात २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरचे व्यवहार सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरे होतात. अमेरिकेनंही २८ मे २०२४ पासून तेच धरलं. तिथला बाजार उन्हाळ्यात आपल्या रात्री दीडला बंद होतो, म्हणून ही रात्रपाळी. कॉमर्सवाल्यांना हे काम जमतं. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सातव्या मालिकेची परीक्षा, म्हणजे रोख्यांच्या याच कामावरची, देऊन आलात तर मुलाखतीत निदान भाषा तरी एक राहते.

सायबरकडे जायचं असेल तर पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डीटिस हा आयटी यंत्रणा आणि सुरक्षेचा पदविका कोर्स आहे, प्रवेश सी-कॅट या प्रवेश परीक्षेतून. या कामाचं मोल कळायला लांब जायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून सुमारे ९४ कोटी रुपये पळवले गेले, त्यातले बरेच २८ देशांतल्या एटीएममधून. मात्र तीन महिन्यांत ‘एथिकल हॅकर’ करून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी नेटवर्किंग आणि लिनक्स पक्कं करा. माझं मत विचाराल तर आधी फक्त तेवढंच करा.

गार्डचं कामही वाऱ्यावर नाही. त्याला २००५ चा केंद्रीय कायदा आहे आणि एजन्सीला परवाना लागतो. तो आहे का, ते बेधडक विचारा.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्यांचा गोंधळ आणखी वेगळा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरात अंतर्गत सुरक्षाही आहे आणि अन्नसुरक्षाही. दुसरीत पोलीस नाहीत, रेशन आहे: २०१३ च्या कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य.

आणि एक सिक्युरिटी अशी की तिच्या नादी लागायचंच नाही. ऑफर लेटर मेलवर येतं, खाली ओळ असते: लॅपटॉपसाठी ‘रिफंडेबल सिक्युरिटी’ भरा. घरमालक डिपॉझिट मागतो ते ठीक, पण जी कंपनी पगार देणार ती नोकरीआधी पैसे का मागेल? यूपीआय उघडू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. उशीर झाला की पुढच्या खात्यातून रक्कम निघून जाते. मूळ मार्कशीट ‘सिक्युरिटी म्हणून’ ठेवून घेणारेही भेटतील. त्यांना झेरॉक्स दाखवा आणि उठून या.