आपला फोरम आपणच कसा चालवायचा: सर्व्हर, वर्गणी आणि रात्री साडेअकराची भांडणं

आमचा गडकिल्ल्यांवरचा छोटासा फोरम, म्हणजे चर्चेची वेबसाइट, आहे, आठ वर्षं झाली, मेंबर हजाराच्या आसपास आणि खरं लिहिणारे म्हणाल तर चाळीस. "आम्हालाही असं काहीतरी काढायचंय, कसं करू" असं वर्षातून दोन-तीन जण तरी विचारतात, दरवेळी तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

व्हॉट्सअ‍ॅप असताना फोरम कशाला? ग्रुपवर कोणी विचारलं "नळीच्या वाटेने जातोय, मे महिन्यात हरिश्चंद्रगडावर पाणी कुठे मिळेल" आणि कोणी अगदी टाक्यांसकट उत्तर दिलं, तरी संध्याकाळपर्यंत ते वाढदिवसांच्या केकखाली गाडलं जातं आणि पुढच्या मे मध्ये परत तोच प्रश्न. फोरमवर तोच धागा (एका विषयावरची चर्चा) पाच वर्षांनीही सापडतो. आणि दुसऱ्याच्या जागेत मांडलेलं दुकान कधी उठवतील भरवसा नाही, ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला गेलं, याहू ग्रुप्स 15 डिसेंबर 2020 ला, किती मराठी कट्टे त्यात बुडाले. तिकडे मायबोली ही मराठी साइट 1996 पासून चालूच आहे.

पायरी 1: आधी माणसं

सॉफ्टवेअर नंतर बघा. रोज अर्धा तास देणारी तीन माणसं मिळाली तरच पुढे जा, एकट्याने केलं तर बाळाचं आजारपण, ऑफिसचं ऑडिट, काहीही निघतं आणि फोरम तीन महिने स्पॅमने भरून जातो. उघडण्याआधी या तिघांनी मिळून 20-25 बरे धागे टाकून ठेवा, रिकाम्या खानावळीत कोण शिरतंय.

पायरी 2: डोमेन आणि सर्व्हर

आमचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, सुरुवातीला एका मित्राने त्याच्या जुन्या मेलवर घेतलेलं. रिन्यूअलची मेल तो उघडतच नसलेल्या खात्यात पडून राहिली आणि ऐन जुलैत, म्हणजे ट्रेकर लोकांची दिवाळी असते तेव्हा, साइट चार दिवस गायब. दंड भरून सोडवलं. तेव्हा डोमेन फोरमच्याच वेगळ्या मेलवर घ्या, तो मेल दोघांना उघडता आला पाहिजे, आणि एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका.

सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पीएचपीबीबी साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) चालतं, डिस्कोर्सला स्वतःचा सर्व्हर लागतो, 1 जीबी रॅमवर कसंबसं धावतं पण 2 जीबी घ्याच. डेटाबेससाठी मायएसक्यूएल वापरणार असाल तर अक्षरं साठवायची सेटिंग पहिल्या दिवशीच यूटीएफएट-एमबीफोर करा. आम्ही जुन्या यूटीएफएटवर बसवलेला, देवनागरी झकास दिसायची म्हणून कोणाला शंका आली नाही, मग एकाने राजगडाचं लांबलचक वर्णन लिहिलं, दुसऱ्याच परिच्छेदात डोंगराची इमोजी टाकली आणि त्या इमोजीपासून पुढचं सगळं गायब. देवनागरी अक्षर तीन बाइटचं, बहुतेक इमोजी चार बाइटच्या, जुन्या सेटिंगमध्ये त्या मावत नाहीत. त्याने परत लिहिलं नाही, चूक आमचीच.

मेल ही दुसरी डोकेदुखी, सर्व्हरवरून थेट पाठवलेली नोंदणीची मेल बहुतेक स्पॅममध्ये जाते आणि लोक म्हणतात "लिंकच आली नाही", त्यापेक्षा मेल पाठवणारी वेगळी सर्व्हिस घ्या. बॅकअप रोज, दुसऱ्या कंपनीच्या जागेत, आणि वर्षातून एकदा तरी तो खरंच परत उभा राहतो का हे करून बघा.

पायरी 3: पैसे

आमचा मागच्या वर्षीचा हिशोब: सर्व्हर 13,200, डोमेन 1,100, मेल आणि बॅकअप 4,700, एकूण 19,000. 38 जणांनी 500 रुपये दिले, संपलं. गणपती मंडळ जमाखर्चाचा फळा लावतं तसा जानेवारीत हिशोबाचा धागा काढतो, अगदी 40 रुपयांचा बँक चार्ज लागला तरी लिहितो. वर्गणी देणाऱ्याला बिल्ला, वेगळा रंग, काहीही देऊ नका, नाहीतर "मी पैसे भरतो आणि माझाच प्रतिसाद उडवता?" हे ठरलेलं.

जाहिरातींवर घर चालवू नका. अमेरिकेतली मेटाफिल्टर ही चर्चेची साइट एवढी जुनी आणि नावाजलेली, पण नोव्हेंबर 2012 मध्ये गुगलवरून येणारी गर्दी अचानक आटली, जाहिरातीचं उत्पन्न घसरत गेलं आणि 2014 मध्ये त्यांना माणसं कमी करावी लागली. त्यांची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी, नोंदणीला एकदाच 5 डॉलर. रक्कम किरकोळ, पण दहा खोटे आयडी काढणाऱ्याला ती दहादा भरावी लागते.

परदेशातल्या मंडळींचे पैसे घेताना जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्याचं ठीक आहे, पण नागरिकत्व बदललेला माणूस परकीय देणगीच्या कायद्यात येऊ शकतो, आधी सीएला विचारा.

पायरी 4: मॉडरेशन, म्हणजे खरं काम

शिवजयंती तारखेने की तिथीने. 19 फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया. दरवर्षी धागा निघतो, पहिले वीस प्रतिसाद चांगले असतात, मग कोणीतरी काडी टाकतो, रात्री साडेअकराला शंभरी भरते, एकेरी उल्लेख झाला म्हणून दोघं पेटतात, जात निघते, आणि बाकीचे "पॉपकॉर्न घेऊन बसलोय" लिहून आणखी तेल ओततात.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. आधी स्लो मोड, म्हणजे एका माणसाला तासाला एकच प्रतिसाद, निम्मी आग इथेच विझते कारण भांडणाची मजा ताबडतोब उत्तर देण्यातच असते. तरी थांबले नाहीत तर धागा सकाळपर्यंत वाचनमात्र. अवांतर गाडी वेगळ्या धाग्यात हलवायची, उडवायची नाही. शिवीगाळ आणि कोणाचा फोन नंबर-पत्ता मात्र लगेच उडवायचा आणि तिथे कारण एका ओळीत लिहायचं. इशारा आधी व्यनितून (खासगी निरोपातून), चारचौघात नाही. आणि जो मॉडरेटर (फोरमवर देखरेख ठेवणारा) स्वतः त्या वादात उतरलाय त्याने त्या धाग्याला हात लावायचा नाही, हा नियम मोडला तेव्हा आमचे दोन चांगले लेखक कायमचे गेले.

डुआयडी, म्हणजे एकाच माणसाने काढलेलं दुसरं नाव, आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) पकडायला जाऊ नका, मोबाइल नेटवर्कवर शेकडो माणसं एकाच आयपीमागे असतात. भाषा बघा. आमच्याकडे हाकललेला एक जण नव्या नावाने सालस होऊन आला, पण तो "सुद्धा" हा शब्द कायम "सुध्दा" लिहायचा आणि टिंबं चार द्यायचा. तेवढ्यावर बॅन केला नाही, लक्ष ठेवलं, तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच जुनं भांडण उकरून काढलं.

कायद्याचं थोडक्यात. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून ज्याखाली अटक झाली ते आयटी कायद्याचं कलम 66अ सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्द केलं. पण दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी चालकाला संरक्षण देणारं त्याच कायद्याचं कलम 79 अटींसकट आहे, आणि 2021 च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर लागतो. मजकूर काढायच्या मुदती मधूनमधून बदलतात, ताजे नियम वाचून मगच पान बनवा. नोटीस आली तर तिच्यावर फोरमवर धागा काढू नका, आधी वकील.

पायरी 5: पाकीट

सगळे पासवर्ड, सर्व्हरचं खातं, डोमेनची तारीख, बँकेचा तपशील एका कागदावर, दोन प्रती, बंद पाकिटात. आमचं एक डोंबिवलीला असतं, एक नाशिकला. दर दिवाळीला फोन करून विचारायचं, पाकीट सापडतंय का. मागच्या वर्षी नाशिकचं सापडलं नाही, माळ्यावर तंबूच्या पिशवीत निघालं.