‘तुम्हाला इथे काय हवं?’ हे पहिल्या बैठकीत विचारू नका

मैदान, चौक, गल्लीचा कोपरा, पायवाट अशा सामाईक जागा लोकांना बरोबर घेऊन घडवण्याच्या कामात नवे असाल, तर नकाशा वाचणं, गट पाडणं, हजेरी घेणं तुम्हाला येतंच. ते इथे सांगत बसत नाही. माणूस फसतो ते एका सभ्य, प्रेमळ वाक्यावर: “तुम्हाला इथे काय हवं?” इतक्या वर्षांनीही ते जिभेवर येतं आणि गिळावं लागतं.

यात बिघडतं काय? एक तर उत्तरात वस्तूंची नावं येतात. बाक, दिवे, झोपाळा, कुंपण. ही नावं लोकांनी दुसऱ्या जागांवर पाहिलेली असतात. समोरच्या जागेची अडचण त्यांत उतरतेच असं नाही. दुसरं, मोठ्या आवाजाचा पहिला माणूस “पार्किंग” म्हणाला, की पुढचे दहा जण पार्किंगच्या बाजूने नाहीतर विरोधात बोलतात. ज्याला नळाजवळच्या चिखलाबद्दल सांगायचं होतं तो गप्प घरी जातो. आणि तिसरं, सगळ्यांत महाग: तुम्ही फळ्यावर जे लिहिता ते समोरच्याच्या लेखी कबूल झालेलं असतं. तीस मागण्या लिहिल्या, तीन होणार असल्या, तर पुढच्या बैठकीला रिकाम्या खुर्च्या मोजायची तयारी ठेवा. लोक ‘उदासीन’ आहेत असा शेरा मग अहवालात येतो. उदासीन कोणी नसतं, त्यांनी हिशेब केलेला असतो.

वस्तूऐवजी वापर विचारा. इथे कधी येता? कुठे थांबता? कुठून जायचं टाळता, आणि का? तरी कोणी वस्तूच मागितली तर तिचा धागा सोडू नका:

“बाक हवा.”
“कोण बसेल?”
“म्हाताऱ्या बायका.”
“कधी?”
“सामान घेऊन चढ चढताना दम लागतो ना.”

बागेच्या कोपऱ्यात जाणारा बाक आता चढाच्या मध्यावर आला. बसायची उंची साधारण 45 सेंमी, उठताना हात टेकायला दांडा, शेजारी पिशवी टेकवायला जागा. चार वाक्यांत आराखडा बदलला. “दिवे हवेत” याचंही तसंच. बरेचदा दिवा असतो, पण झाडाची फांदी त्याच्या खाली आलेली असते. काम फांदी छाटण्याचं निघतं.

हे प्रश्न नीट विचारता यावेत म्हणून आधी जागेचा वापर मोजा. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि दिवे लागल्यावर, दर वेळी 15 मिनिटं. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण नुसतं जातंय, हे नकाशावर खुणांनी टिपा. बायका, पुरुष, मुलं, वयस्क वेगळे. शहरांतल्या सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून हेच केलं. लोक जे वापरतील असं आपल्याला वाटतं आणि ते प्रत्यक्षात जे वापरतात, यांतली फट बघितल्याशिवाय दिसत नाही. एक फेरी खाली बसून मारा. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 95 सेंमी असते. त्या उंचीवरून कठड्यापलीकडचं वाहन दिसतं का ते बघा.

बैठकीत नकाशा भिंतीवर लावू नका, टेबलावर पसरा. भिंतीवरच्या नकाशापुढे एक जण बोलतो, टेबलाभोवती सहा ते आठ जण बोट ठेवतात. 1:200 या प्रमाणाला (कागदावरचा 1 सेंमी म्हणजे जागेवरचे 2 मीटर) ए-1 मापाच्या मोठ्या कागदावर साधारण 168 बाय 118 मीटर जागा मावते, चौकाला पुरते. पण वस्तू हलवून बघायच्या असतील तर 1:100 घ्या. 1:200 ला 1.8 मीटरचा बाक जेमतेम 9 मिमी होतो, चिमटीत येत नाही. चर्चा चालवणारा आणि नोंदी घेणारा ही दोन माणसं ठेवा. एकाने दोन्ही केलं की नोंदीत स्वतःचीच मतं उतरतात. बोलण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून चिठ्ठीवर लिहायचं; ज्यांना लिहायचं नाही त्यांच्या शेजारी लिहिणारा बसवा.

रंगीत टिकल्या चिकटवून मतदान घेण्याचं फॅड आहे. घ्या, पण चिठ्ठ्यांनंतर आणि पाठमोऱ्या कागदांवर. उघड्या तक्त्यावर जिथे टिकल्या जास्त तिथेच पुढच्या टिकल्या जातात. मोबाइलवर फॉर्म फिरवून ‘सहभाग झाला’ म्हणणं हा तर शुद्ध आळस. तीच मंडळी, तीच मतं, फक्त आकडा मोठा. बैठकीला न येणाऱ्यांकडे आपण जायचं. झाडलोट करणाऱ्याशी दहा मिनिटं उभ्या उभ्या बोललात, तर पाणी कुठे तुंबतं ते कुठल्याही सर्वेक्षणाआधी कळेल.

सुरुवातीलाच तीन रकाने मांडा: ठरलेलं आहे, बदलता येईल, तुम्ही ठरवाल. लोकांच्या हाती किती सत्ता आहे ते दाखवणारी, शेरी अर्नस्टाइन यांची 1969 ची सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी इथे उपयोगी आहे. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नाहीच, मधल्या तीन नावापुरत्या, वरच्या तीन खऱ्या सत्तेच्या. शिडी गुणपत्रिकेसारखी वापरणारे बरेच भेटतील. माझ्या मते मधल्या पायरीवर असून तसं सांगणारा, वरच्या पायरीचा आव आणणाऱ्यापेक्षा बरा. पैशाचा आकडाही टेबलावर ठेवा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून लोक अंदाजपत्रकातले अग्रक्रम ठरवू लागले. रक्कम समोर असली की माणसं मागणं सोडून निवडू लागतात.

घाबरू नका, पहिली बैठक विस्कटतेच. कोणी जुनी भांडणं काढेल, कोणी तुमच्यावरच चिडेल. ऐका, लिहा, सारवासारव करू नका. गुरू शोधताना मंचावर छान बोलणारा निवडू नका. ज्याच्या बैठकीत त्याचा स्वतःचा आवाज सगळ्यांत कमी येतो, त्याच्या मागे नोंदवही घेऊन बसा.

निर्णय झाला की लगेच काँक्रीट ओतू नका. चुन्याची फक्की मारून जागेवरच खऱ्या मापाने आखा, उसने बाक मांडा, दोन ते चार आठवडे राहू द्या आणि आधीसारखीच मोजणी पुन्हा करा. याच काळात विचारा: फाटकाची किल्ली कोणाकडे, झाडांना पाणी कोण घालणार? नाव मिळालं नाही तर ती गोष्ट आराखड्यातून काढा.

बैठकीनंतर दोन आठवड्यांच्या आत त्याच जागेवर एक कागद लावा: तुम्ही म्हणालात, आम्ही केलं, आम्ही करणार नाही आणि का. तिसरा रकाना लिहिताना हात अडखळतो. रकाना रिकामा असेल तर कागद अजून लावू नका.